पायाखालचा पहारेकरी

बैलबाजारात तुम्ही पुष्कळदा गेला असाल. जाणता शेतकरी बैल विकत घेताना काय करतो, ते आठवून पाहा. दात पाहतो, वशिंड पाहतो, शेपटाचा गोंडा पाहतो. पण पैशाची गाठ सोडण्यापूर्वी तो एक गोष्ट हटकून करतो. मालकाला म्हणतो, "जरा चालवून दाखवा." बैल चार पावले जातो, वळतो, परत येतो. तेवढ्यात जाणत्याच्या ध्यानात येते की हा उजवा पाय जपून टाकतो आहे. उभा असताना जे दिसले नाही, ते चालताना दिसते.

आमचे चुलते, तात्या, या कामात पटाईत होते. रस्त्याने चाललेली जोडी पाहून कोणत्या बैलाची पत्री झिजली आहे, हे ते ओट्यावरून सांगत. अशा या तात्यांना मधुमेह होऊन बारा वर्षे झाली होती. एका बाजारच्या दिवशी ते संध्याकाळी घरी आले, वहाणा काढल्या आणि घरात शिरले. सूनबाईंनी पाहिले, तर शहाबादी फरशीवर दारापासून माजघरापर्यंत तांबडे डाग उमटलेले! वहाणेच्या तळातून चूक वर आली होती आणि दिवसभर ती तात्यांच्या तळव्यात रुतत होती. दुखले का, म्हणून विचारले, तर तात्या म्हणाले, "न्हाय बा! मला कायबी कळलं न्हाय."

खरी गोम "कळलं न्हाय" या शब्दांतच आहे. जखम चिघळली, दोन महिने दवाखाना झाला आणि शेवटी डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर तात्या म्हणाले, "आरं, बैलाचं पाय बघण्यात जल्म गेला, पर माझं पाय कुणी बघायचं?"

वाचकहो, तात्यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच आजचा हा लेख आहे. माणसाचे पाय कोण पाहणार, माणसाची चाल कोण वाचणार? अलीकडे शास्त्रज्ञांनी या कामासाठी जोड्याच्या आतच एक पहारेकरी बसवला आहे. त्याची ओळख करून घेऊ, आणि तो हाताशी नसेल तर घरच्या घरी काय करता येते, तेही पाहू.

पाऊल किती ओझे पेलते?

आधी थोडा हिशेब करू. तुमचे वजन ६० किलो आहे, असे धरा. चालताना एक पाय हवेत असतो, तेव्हा सगळा भार दुसऱ्या पायावर येतो. इतकेच नव्हे, टाच टेकल्यानंतर आणि चवड्याने जमीन मागे रेटताना तो वजनाच्याही थोडा वर जातो, म्हणजे सुमारे ६६ किलो होतो. धावताना तर तो वजनाच्या दुप्पट-तिप्पट होतो. दिवसभरात दहा हजार पावले झाली, तर एका पायाच्या वाट्याला पाच हजार आली. पाच हजार वेळा ६६ किलो म्हणजे ३३० टन! एका गाडीत दोन टन ऊस धरला, तर एकशे पासष्ट गाड्या. एवढे ओझे तुमचा एक पाय एका दिवसात उचलून ठेवतो. डोक्यावर कडब्याची पेंढी किंवा पाण्याची घागर असेल, तर हिशेब आणखी वाढतो.

पाय हे सोसतो कसा? तर भार वाटून घेऊन. आधी टाच टेकते, मग भार तळव्याच्या बाहेरच्या कडेने पुढे सरकतो, चवड्यावर येतो आणि शेवटी अंगठा जमिनीला रेटा देऊन पाऊल उचलतो. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जावे, तसा हा भार फिरतो. एकाच वाफ्यात पाणी तुंबले तर पीक सडते. पायाचेही तसेच आहे. भार एकाच जागी पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर तिथे आधी घट्टा पडतो, घट्ट्याखाली मांस दुखावते आणि मग व्रण होतो.

निरोगी माणसाला याचा त्रास का होत नाही? कारण त्याला दुखते. दोन कोस चालल्यावर तुम्ही नकळत पाऊल जरा वेगळे टाकता, भार या कडेवरून त्या कडेवर नेता, खडा टोचला की थांबून वहाण झटकता. हे सारे दुखण्यामुळे घडते. दुखणे म्हणजे शरीराने ठेवलेला फुकटचा राखणदार आहे. तो झोपला की शेत मोकळे पडलेच!

वेल्लोरचा डॉक्टर

ही गोष्ट जगाला पटवून देणाऱ्या डॉक्टरचे मोठे काम आपल्याच देशात झाले. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत झाला. आईवडील मिशनरी होते. लंडनला शस्त्रक्रियेचे शिक्षण घेऊन ते १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करू लागले.

त्या काळी लोक समजत की कुष्ठरोगाने मांसच सडते आणि म्हणून बोटे झडतात. डॉ. ब्रँड यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा वेगळेच दिसले. रोग नसांवर घाला घालतो आणि हातपाय बधिर होतात. मग रोगी तापले भांडे उघड्या हाताने उचलतो, जखमी पायावर मैलोगणती चालतो. बोटे जातात ती भाजल्याने, टोचल्याने, चिघळल्याने. दुखत नाही म्हणून जातात. हे एकदा कळल्यावर उपायाची दिशाही बदलली. पायाला मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या तळाची चप्पल द्यायची आणि भार सगळ्या तळव्यावर वाटून टाकायचा. आजही कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांना अशाच रबराच्या चपला दिल्या जातात.

ओघाने एक सांगतो. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ही औषधे फुकट मिळतात. अंगावर बधिर चट्टा दिसला, तर लपवू नका. औषध जितके लवकर सुरू होईल, तितक्या नसा वाचतात.

१९६६ मध्ये डॉ. ब्रँड अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी एक नामी युक्ती वापरली. रंगाच्या अगदी बारीक कुप्या भरलेले मोजे रोग्यांच्या पायात घालायचे आणि त्यांना चालवायचे. जिथे भार जास्त, तिथल्या कुप्या फुटून मोज्यावर रंग उमटे. कोणती जागा उद्या फुटणार, हे आजच दिसे!

पुढे त्यांनी आणखी धाडस केले. बधिर हातापायांसाठी विजेवर चालणारे दुखणेच तयार करायचे ठरवले. मोज्यांत आणि हातमोज्यांत भार मोजणारी बटणे बसवली. भार वाढला की कानाशी आवाज होई. पण माणसाचा स्वभाव पाहा! आवाज झाला तरी लोक हातातले काम सोडीनात. मग विजेचा बारीक झटका देऊन पाहिले, तर काम आटोपेपर्यंत लोक यंत्रच बंद करून ठेवीत. खरे दुखणे बंद करता येत नाही, म्हणूनच आपण त्याचे ऐकतो, हा धडा डॉ. ब्रँड यांना त्यातून मिळाला. तो प्रयोग त्यांनी सोडून दिला, पण जोड्यात भार मोजायची वाट मात्र पुढे रुंद होत गेली.

जोड्यातले वाफे

खरे म्हणजे ही कल्पना त्याहून जुनी आहे. फ्रान्समध्ये एत्येन-झ्यूल मारे नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी जोड्याच्या तळात हवेची पोकळी ठेवली आणि तिला रबरी नळी जोडली. पाऊल पडले की हवा दाबली जाई आणि नळीच्या दुसऱ्या टोकाची लेखणी फिरत्या नळकांड्यावर रेघ ओढी. ते नळकांडे चालणाऱ्यानेच हातात धरायचे. असेच साधन त्यांनी घोड्याच्या चारही खुरांना लावले. दुडक्या चालीत एक क्षण असा येतो की घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात, हे त्यांनी १८७३ मध्ये छापलेल्या ग्रंथात दाखवून दिले. डोळ्यांनी हे कुणालाच नीट ओळखता आले नव्हते!

आता हवेची जागा विजेने घेतली आहे. जोड्यात घालायचा पातळ तळ डोळ्यांपुढे आणा, पुठ्ठ्याएवढा जाड. त्यात शेताच्या वाफ्यांसारखे लहान लहान चौकोन असतात. एका नावाजलेल्या बनावटीत एका पायाला असे ९९ चौकोन आहेत. प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे भार मोजतो.

तो मोजतो कसा? एका प्रकारात धातूचे दोन पातळ पापुद्रे असतात आणि मध्ये लवचिक रबर. भार पडला की रबर चेपते, पापुद्रे जवळ येतात आणि त्यांत मावणारी वीज वाढते. किती वाढली, त्यावरून भार कळतो. दुसऱ्या प्रकारात वीज वाहू देणाऱ्या शाईचे थर असतात. ते दाबले गेले की एकमेकांना जास्त चिकटतात आणि वीज जास्त वाहते. सेकंदाला पन्नास ते शंभर वेळा ही मोजणी होते आणि संगणकाच्या पडद्यावर पावलाचे चित्र उमटते. भार कमी तिथे निळा रंग, वाढला तिथे पिवळा, फार झाला तिथे लालभडक. पायाचा जणू पीक-पाहणीचा उताराच!

या चित्रावरून पुष्कळ कळते. भार दर चौरस सेंटीमीटरला किती आहे, हे डॉक्टर पाहतात. ज्याचा व्रण एकदा होऊन भरला आहे, त्याच्या जोड्यात त्या जागी सुमारे दोन किलोच्या वर भार जाऊ नये, असा प्रयत्न करतात. गुडघा दुखणारा माणूस त्या पायावर कमी वेळ थांबतो, तेही दिसते. अर्धांगवायूने पाऊल लोंबत असेल, तर टाचेऐवजी चवडा आधी टेकतो, ते दिसते. कंपवाताच्या रोग्याची पावले आखूड आणि घासत पडतात, तेही समजते. म्हाताऱ्या माणसाची पावले कधी लवकर, कधी उशिरा अशी अनियमित पडू लागली, तर पडण्याचा धोका वाढल्याची ती खूण असते. अमेरिकेत संशोधकांनी जोड्यात भार ओळखणाऱ्या कळी बसवूनच हे दाखवले आहे.

पण आपल्यासाठी सर्वांत मोठा उपयोग मधुमेहाच्या पायांसाठी आहे.

मुंगीच्या पायाने येणारे दुखणे

आपल्याकडे म्हणतात, दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते. मधुमेहाचे मात्र उलटे आहे. तो मुंगीच्या पायाने येतो. आधी तळव्यांना मुंग्या येतात, मग आग होते, मग एक दिवस मुंग्याही थांबतात. माणूस खूश होतो की बरे वाटले! प्रत्यक्षात नस मेलेली असते.

हे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचे दुखणे, असे मानू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची देशभरची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात देशातल्या मधुमेही लोकांची संख्या दहा कोटींवर गेल्याचे दिसले. खेड्यांतल्या शंभर मोठ्या माणसांत जवळजवळ नऊ जणांना मधुमेह आढळला. आणि खेड्यातल्या पायाला धोके किती, ते तुम्हीच मोजा. तुरीची धसकटे, बाभळीचे काटे, सराटे, उसाचे बुडखे, चैत्र-वैशाखातला तापलेला डांबरी रस्ता, भाताच्या खाचरातला दिवसभराचा चिखल. त्यातून अनवाणी चालण्याची सवय, कधी नवसाची अनवाणी वारी. पाय जागा असेल तर हे सारे सोसते. पाय बधिर असेल तर एक सराटाही पुरतो.

तात्यांचे पुढे काय झाले, ते सांगतो. जखम भरल्यावर त्यांना पुण्याच्या एका रुग्णालयात नेले. तिथे त्यांच्या नव्या जोड्यात हा भार मोजणारा तळ घातला आणि त्यांना व्हरांड्यात चालवले. अगदी बैलबाजारातल्यासारखे! पडद्यावर डावा अंगठा आणि त्याखालची गादी लालभडक दिसली. दोन बोटे गेल्यामुळे त्यांचा भारही या जागेवर आला होता. तात्यांना मात्र तिथे काहीच जाणवत नव्हते. डॉक्टरांनी त्या जागी आतला तळ कोरून खोलगट केला आणि मधल्या कमानीखाली मऊ भर घातली. पुन्हा चालवले, पुन्हा मोजले. तिसऱ्या खेपेला लाल रंग जाऊन पिवळा आला. मोजणीचा फायदा हाच, की जोडा बरोबर झाला की नाही, हे अंदाजावर राहत नाही.

डॉ. ब्रँड यांनी सोडून दिलेल्या प्रयोगालाही आता नवे अंकुर फुटले आहेत. इंग्लंडमधल्या मँचेस्टर येथे व्रण एकदा होऊन गेलेल्या मधुमेही रुग्णांना असेच तळ दिले होते. एका जागी भार फार वेळ राहिला की मनगटावरचे घड्याळ थरथरून इशारा देई. मग रुग्णाने जरा बसायचे किंवा भार दुसरीकडे न्यायचा. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. ज्यांना इशारा मिळत होता, त्यांच्यात तळव्याचे व्रण सुमारे ७१ टक्क्यांनी कमी झाले. हा प्रयोग जेमतेम ५८ जणांवर झालेला आहे, हे ध्यानात ठेवावे. पण दिशा आशेची आहे.

या यंत्राच्या मर्यादाही आहेत. ते महाग आहे. असे बहुतेक तळ खाली दाबणारा भार मोजतात, पण कातडी घासली जाते तो भार मोजत नाहीत. घामाने आणि वाकण्याने त्यांची मापे चुकू लागतात, म्हणून ती वरचेवर तपासावी लागतात. सगळीकडे ते मिळतही नाही. मग आपण काय करायचे?

घरातले पहारेकरी

आपल्या घरात यंत्र नाही, पण माणसे आहेत. घरात कुणाला मधुमेह असेल तर पुढील गोष्टी करा. त्यांना पैसे लागत नाहीत.

पहिली गोष्ट, स्पर्शाची परीक्षा. आजोबांना डोळे मिटून निजायला सांगा. नातवाने तर्जनीच्या टोकाने त्यांच्या पायाच्या बोटांच्या शेंड्यांना हलकेच शिवावे, एक-दोन सेकंदच. दाबू नये, टोचू नये, गुदगुल्या करू नयेत. दोन्ही पायांचे अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशी सहा बोटे. स्पर्श कळला की आजोबांनी "उजवा" किंवा "डावा" म्हणावे. एका बोटाला एकदाच शिवायचे. सहापैकी दोन किंवा अधिक बोटांना कळले नाही, तर पाय बधिर होऊ लागला असे समजा आणि डॉक्टरांना दाखवा. ही रीत डॉक्टरांनीच पारखून ठरवलेली आहे.

दुसरी, रोजची पाहणी. रात्री निजण्यापूर्वी दिव्याच्या उजेडात तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा, नाही तर घरातल्याला पाहायला सांगा. फोड, भेग, लाली, सूज, नवा घट्टा, मोज्यावर डाग, काहीही दिसले तरी "दुखत तर नाही" म्हणून थांबू नका. दुखत नाही, हीच तर धोक्याची खूण!

तिसरी, वहाणेची झडती. पायात घालण्यापूर्वी आत हात फिरवा. खडा, काटा, वर आलेली चूक, फाटलेले अस्तर हाताला कळते, पायाला कळत नाही. जुनी वहाण उलटी करून कुठे झिजली आहे, तेही पाहा. एकीकडेच फार झिजली असेल, तर तुमचा भार तिथे पडतो आहे.

चौथी, ओल्या पावलाचा ठसा. पाय ओला करून कोरड्या फरशीवर ठेवा. तळव्याच्या मधला भाग अजिबात उमटला नाही, तर कमान उंच आहे आणि टाच-चवड्यावर भार जास्त येतो. सगळाच तळवा उमटला, तर पाय सपाट आहे. हे अंदाजाचे माप आहे, पण डॉक्टरांना सांगायला उपयोगी.

आणि काही पथ्ये. शेतातच काय, घरातही अनवाणी फिरू नका. कुरूप किंवा घट्टा वस्तऱ्याने कापू नका, त्यावर जाळणारे औषध लावू नका. पायाला शेक देऊ नका. अंघोळीचे पाणी किती कढत आहे, ते घरातल्या दुसऱ्या कुणी पाहावे. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करा, तेल लावायचे तर बेचक्या सोडून लावा. नवी पायताणे संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. जखम झाली तर त्या पायावर चालणे थांबवा. रान पडून राहिले तर पुढच्या हंगामात पिकेल. गेलेला पाय पुन्हा येत नाही.

तात्या आज मऊ तळाच्या जोड्यात रोज मळ्यात जातात. रात्री जेवणे झाली की ओट्यावर बसतात आणि नातीपुढे दोन्ही पाय करतात. ती बॅटरीच्या उजेडात तळवे पाहते, बेचक्या पाहते, वहाणा उपड्या करून झटकते आणि सांगते, "आज काय न्हाय, तात्या." गेली तीन वर्षे त्यांच्या पायाला व्रण झालेला नाही.

बैलाला पत्री मारायला आपण चुकत नाही, पोळ्याला त्याचे खांदे मळतो, पाय धुतो. घरातल्या थकल्या पायांकडेही आज रात्री एकदा दिवा धरून पाहा. दोन मिनिटांचे काम आहे.